पाह्यलं का वाटलं

ललिता माह्या वरच्या खोलीत राहाले आली तेव्हा तिनं आधी खोली पाह्यलीच नाही. आधी दाराची कडी पाह्यली. लावून पाह्यली, काढून पाह्यली, दाराले खांदा लावून लोटून पाह्यलं. मंग खिडकीचे गज हलवले, मंग गॅसच्या नळीवरून बोट फिरवलं. मी जिन्यात उभी. मले वाटलं, ही खोली पाहाले आली का चोरीचा पंचनामा कराले?

"मावशी, पाणी रोज येते का?"

"येते नं."

"वर, या नळाले?"

"येते म्हटलं नं बाई."

"पाह्यलं का वाटलं?"

मले रागच आला. माह्या घरात उभी राहून मलेच इचारते. मी म्हटलं, "राहाचं असन तं राह्य, नसन तं जिना तिकडं आहे." तं ती हसली. हसली म्हणजे काय, ओठ जरासा एका बाजूले गेला. तेवढंच तिचं हसणं. अन् नळ सोडला. नळातून हवा निघाली, मंग एक झुरळ निघालं. पाण्याचं नाव नाही. आधीचा भाडेकरू गेल्यावर वरचा कॉक मीच बंद केला होता अन् इसरून गेली होती.

राग धरता आला असता. पण मले ती आवडली. जे माणूस तोंडावर बोलते त्याची पाठीमागची काळजी नाही राहत.

चाळिशीची होती. सावळी, बारीक, केस कानापर्यंत कापलेले. नवरा होता एकेकाळी, एवढ्याच्या पुढं तिनं काही सांगतलं नाही अन् मी इचारलं नाही. कन्हानले माय होती, एकटी राहे. दर रविवारी ललिता बसनं तिच्याकडे जाये अन् सांजच्याले परत येये. बाकीचे दिवस खोलीत. टेबलावर कॉम्प्युटरचे दोन पडदे, बाजूले थंडा झालेला चहा. कंपनी इथलीच होती, पण काम घरूनच करे.

बाहेर निंघाली का कुलूप लावे, ओढून पाहे, जिना उतरे, फाटकापर्यंत जाये, अन् परत वर. परत ओढे. मंग जाये. शेजारची शांता म्हणे, "तुह्या भाडेकरणीच्या डोक्यात फरक आहे वं." मी म्हटलं, "असू दे. तुह्या घरात तं डोक्सच नाही कोणाले." शांता अन् माह्यं असंच चालते, लग्न होऊन या गल्लीत आलो तेव्हापासून.

माह्या औषधाच्या डब्यातल्या बाटल्या तिनं उलट्यापालट्या करून वाचल्या अन् अर्ध्या फेकून देल्ल्या. टरबूजवाल्याले इचारे, "गोड आहे का?" तो म्हणे, "साखर आहे ताई." "खाऊन पाह्यलं का वाटलं?" तो म्हणे, "ताई, एवढे खाऊन पाह्यले असते तं इकाले काय आणलं असतं, माह्यं पोट?" गल्लीतले पोट्टे तिले पाह्यलं की आपसात हेच बोलत, पाह्यलं का वाटलं, पाह्यलं का वाटलं. तिले माहीत होतं.

एक दिवस मी तिच्या दारात मेथी निवडत बसली होती. म्हटलं, "दिवसभर करून काय राह्यतं वं तू?"

म्हणे, "मावशी, दवाखान्याइचे, ब्यांकाइचे कॉम्प्युटर राहते. त्याइले नियम राहते. पासवर्ड कसा पाह्यजे, कोणाले काय उघडता आलं पाह्यजे, सोडून गेलेल्या माणसाची चाबी बंद केली का नाही. नियम पाळले का, ते तपासाचं एक टूल आहे. ते मी लावते. ते लाल दाखवते नाहीतं हिरवं दाखवते."

"हिरवं झालं का झालं मंग काम."

"नाही नं. हिरवं म्हणजे टूलले हिरवं दिसलं. मंग मी सोता उघडून पाहते. मंग रिपोर्टखाली आपलं नाव टाकते."

"सारेच असं करते का?"

"नाही," म्हणे. एवढंच.

मंग तिनं माह्यंच घर तपासलं. म्हणे, "आधीच्या भाडेकरूनं चाबी परत देल्ली होती का?" मी म्हटलं, "देल्ली असन." ती निस्ती पाहत राह्यली माह्याकडे. मी फोन लावला. तो पोट्टा आता कामठीले राहे. त्याच्या जुडग्यात माह्या घराची चाबी अजून होती. म्हणे, "अरे हो मावशी, ही कशाची म्हणून मीच इचार करून राह्यलो होतो." पुढच्या रविवारी ललिता कन्हानवरून येताना कामठीले उतरून ती घेऊन आली.

मंग म्हणे, शांताबाईकडे तुमी ठेवली ती चाबी पण परत घ्या. कधी वापरली का त्याइनं? मी म्हटलं, "नाही वापरली. पण ती अडीनडीची आहे. मी आत पडली अन् दार लागलेलं राह्यलं तं कोण उघडन? वापरली नाही म्हणून बेकार नाही होत ते." ललितानं इचार केला. म्हणे, "बरोबर आहे. आमच्याकडे पण अशी चाबी राहते. मोठा दरवाजा अडकला तं उघडाले. राहू द्या शांताबाईकडे."

माह्या नवऱ्याचं तिनं एकदाच इचारलं. भिंतीवर फोटो आहे, त्याच्याकडे पाहून. मी सांगतलं. आरामशीनवर होते, लाकूड कापाच्या. पट्टा अडकला. एकानं वरडून सांगतलं, बटन बंद आहे, घाला हात. यायनं घातला. हात गेला. मंग तीन-चार वर्षं घरात बसून राह्यले भिंतीकडे तोंड करून अन् मंग तेही गेले. मी दुसऱ्याच्या घरी सैपाक करून पोरगा वाढवला. तो पुण्याले आहे, ट्रक चालवते. झालं.

दुसरं कोणी असतं तं अरेरे म्हटलं असतं. ललितानं इचारलं, "बटन बंद आहे म्हणून कोण म्हटलं होतं?"

"होता एक. वाईट नव्हता. त्याले वाटलं, बंद आहे."

ती उठून गॅलरीत गेली. त्या दिवसापासून तिचा सवाल मले टोचला नाही.

मंग तिच्या कंपनीत ते नवीन सुरू झालं. तिचा साहेब तिच्याहून लहान, हिंदीत बोले, गोड बोले. फोन स्पीकरवर राहे म्हणून मले ऐकू येये. "मॅडम, ये सब हाथ से कब तक करेंगे? अब टूल को एआय एजंट से जोडना है. आप से अच्छा कौन जोडेगा?"

एजंट म्हटल्यावर मले विम्याचा एजंट आठवला. तो माह्या नवऱ्याच्या मयतीनंतर गल्लीत दिसलाच नाही. मी म्हटलं, "एजंटच्या नादी लागू नको वं."

"माणूस नाही मावशी तो. कॉम्प्युटरच आहे. पण त्याले बोललेलं समजते अन् तो आपल्या मनानं एकामागं एक काम करते. आतापर्यंत टूल मी चालवे, आता तो चालवन."

"अन् तू काय करशीन?"

"मी त्याच्याकडे पाहीन."

लय दिवस खपली त्याच्यात. म्हणे, त्याले पण चाबी द्या लागते. निस्तं पाहाची चाबी वेगळी अन् बदल कराची वेगळी. तिनं पाहाची देल्ली. मंग बसून त्याच्याशी बोले. बोटानं लिहे, पण तोंडानंही म्हणत राहे. त्यानं काही सांगतलं का ही लिहे, "पाह्यलं का वाटलं?" कधी तो लिहून पाठवे, पाहिलं, हे बघा. अन् कधी लिहे, माफ करा, मी तपासलं नव्हतं, अंदाज केला होता. तेव्हा ललिता खुश होये. "पाहा मावशी, हा कबूल तं करते. आमच्या साहेबानं अजून नाही केलं."

खोटं काहून बोलू, तो कामाचा होता. तिचं दिवसभराचं काम चहा उकळेपर्यंत करून टाके. तिच्या नजरेतून सुटलेलं पण एकदोनदा त्यानं धरून देल्लं. ती म्हणे, "शिकवलं तं शिकते हा." पोरगं नव्हतं तिले. तिच्या तोंडावर तसं काही दिसे कधी कधी, मंग लगेच नाही दिसे.

मंग साहेब म्हणे, ये सिर्फ बताता है, सुधारता नहीं. दुसरी चाबी भी दे दो. तिनं ना-ना करत देल्ली. पण एक अडसर ठेवला. काहीही बदलाच्या आधी त्यानं तिले इचाराचं. तो इचारे, ही जाऊन उघडून पाहे, मंग हो म्हणे. दिवसभर तेच. साहेबाचा आवाज गोडाचा आंबट झाला. "मॅडम, हर बात पे आपको पूछेगा तो जोडा किसलिए?"

ही म्हणे, "पूछता है, इसीलिए तो भरोसा है सर."

एका दवाखान्याचं काम करताना तिनं त्याले अडीनडीच्या चाब्यांची यादी पण देल्ली होती. याइले हात लावू नको म्हणून. मले हाक मारून सांगतलं, "मावशी, तुमच्या शांताबाईची चाबी शिकवली मी त्याले." शांताले मी हे सांगतलं तं ती म्हणे, "माह्यं नाव कॉम्प्युटरमधी कशाले घातलं वं? पोलीस आले म्हणजे?"

मंग तिची माय गेली.

सकाळीच फोन आला कन्हानवरून. मी वर गेली तं ललिता उभी होती, खांद्याले पिशवी, पायात चप्पल, अन् फोन स्पीकरवर. त्या दिवशी दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्याचा रिपोर्ट द्याचा होता. साहेब म्हणून राह्यला होता, "जाइए मॅडम, बिलकुल जाइए. मां से बढकर क्या है? बस वो पूछने वाला हटा के जाइए. आप वहां रहेंगी, वो यहां पूछते बैठेगा, रिपोर्ट अटक जाएगी."

ती उभ्याउभ्याच वाकली. काही लिहिलं. थांबली. आपल्याशीच म्हणे, "अडीनडीचं लिहिलं आहे मी त्यात." अन् बटन दाबलं.

मी तिची पाण्याची बाटली धरून उभी होती. खाली ऑटोवाला हॉर्न देऊन राह्यला होता. तिनं कुलूप लावलं, ओढून पाह्यलं, जिना उतरली, फाटकातून गेली. परतली नाही. मीच मंग कुलूप ओढून पाह्यलं. लागलं होतं.

मायचं सारं आटोपून ती आली तेव्हा रिपोर्ट गेलेला होता. सगळं हिरवं. एकही लाल नाही. साहेबानं फुलांचं चित्र पाठवलं होतं फोनवर. ललितानं ते पाह्यलं अन् फोन पालथा ठेवला. मले वाटलं, मायचं दुःख आहे.

थोड्याच दिवसात त्या दवाखान्यात कॉम्प्युटर बंद पडले. बंद म्हणजे चालू, पण कोणालेच आत जाता येये नाही, मोठा दरवाजाच अडकला. मंग त्याइनं अडीनडीची चाबी लावली. ती लागेच नाही. कधी वापरलेली नाही म्हणून एजंटनं ती बंद करून टाकली होती. नियमच आहे तसा, न वापरलेली चाबी बंद कराची. जी यादी ललितानं लिहिली होती ती आधीच्या दवाखान्याची होती. या दवाखान्याची लिहाची राह्यली होती.

आत एक पेशंट टेबलावर होता. त्याचं रक्त कोणतं, त्याले कोणतं औषध चालत नाही, ते सारं त्या कॉम्प्युटरमधी. किती वेळ अडकलं, पुढं काय झालं, हे तिले कोणी सांगतलं नाही. ती साहेबाले इचारे, "सर, वो पेशंट का क्या हुआ?" साहेब म्हणे, "वो हॉस्पिटल का मॅटर है मॅडम, आप मत पूछिए." ती परत इचारे. तो फोन ठेवून देये.

एक दिवस ती सोताच गेली तिथं. मले संग घेऊन गेली. फाटकावरच्या चौकीदारानं इचारलं, "कोणाले भेटाचं आहे?"

"एक पेशंट आहे."

"नाव?"

"नाव माहीत नाही."

"वॉर्ड?"

"तेही नाही माहीत."

तो म्हणे, "बाई, मंग पाहाचं कोणाले आहे तुमाले?" समोरच्या टपरीवर आमी चहा घेतला. तिनं नाही पेला. दवाखान्याच्या दारातून लोक येत होते, जात होते. ती एकेकाकडे पाहे, जसं की त्याच्या तोंडावर लिहिलेलं असन.

मंग साहेबाचा फोन आला. आवाज लय गोड. "मॅडम, एक छोटा सा मेल चाहिए. इतना ही लिखना है कि वो अकाउंट बंद होने से पहले आपने चेक किया था. नियम के हिसाब से बंद हुआ है, रिपोर्ट भी हरी है. बात खतम. आपकी नौकरी भी सेफ, मेरी भी."

ललिता म्हणे, "मैंने नहीं देखा था सर."

"अरे, देखा ही होगा."

"नहीं देखा. मुझे लगा."

"मॅडम, ये मत लिखिए. ये लिखा तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं."

तिनं फोन ठेवला. मी वरण घेऊन गेली होती, तसंच वाटी धरून खाली बसली. म्हटलं, "लिहून टाक नं वं. चूक त्या मशीनची. इचाराचं काढ म्हणून सांगणारा साहेब. तू काहून मरतं?"

"मशीनले मी जोडलं मावशी. बटन मी दाबलं."

"माय मेली होती तुही त्या दिवशी."

"हो," म्हणे. "पण त्या पेशंटले ते माहीत नव्हतं."

मंग तिनं लिहिलं अन् पाठवाच्या आधी मले वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या. "मी तपासलं नव्हतं. मला वाटलं होतं." अन् खाली तिचं नाव. मी म्हटलं, "पोरी, नोकरी जाईन." म्हणे, "जाईन." अन् पाठवून देल्लं. मंग वरण-भात जेवली. त्या दिवशी पोटभर जेवली, मले आठवते.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरसमोर बसली अन् काही उघडेच ना. मी म्हटलं, "काय झालं?"

"माह्यी चाबी बंद झाली."

"कोणं केली?"

तिचा ओठ जरासा एका बाजूले गेला. "त्यानंच. सोडून गेलेल्या माणसाची चाबी त्याच दिवशी बंद कराची, असं मीच शिकवलं होतं. बरोबर केलं त्यानं."

मी लय मयती पाह्यल्या आहे. नवऱ्याची पाह्यली. पण कोणी सोताच्या हातानं बनवलेल्या वस्तूनं दार लावून घेतलं अन् हे माणूस म्हणते बरोबर आहे, असं नव्हतं पाह्यलं. मी वाटी उचलली अन् खाली आली. करणार काय?

दुसरीकडे तिनं नोकरी पाह्यली. जिथं जाये तिथं इचारत, आधीची काहून सोडली? ती खरं सांगे. मंग कोणी बोलवे नाही. काही दिवसानं म्हणे, "मावशी, मी कन्हानले जाते. मायची खोली रिकामी आहे." सामान जास्त नव्हतं. माह्या हातात चाबी देल्ली, अन् दुसरी पण देल्ली, जी तिच्या मायजवळ ठेवलेली होती. खोली उघडीच होती, ओढाले कुलूप नव्हतं. ती सरळ उतरली, सरळ फाटकातून गेली. शांता म्हणे, "गेली का वं ती पाह्यलं-का-वाटलं?" मी तिच्याशी त्या दिवशी बोलली नाही.

मंग उन्हाळा सरता सरता मी कन्हानले गेली. तिचा कुकर राह्यला होता माह्याकडे, तो द्याले. खोली शोधत गेली. दार सताड उघडं. आत ललिता चटईवर बसली होती, भिंतीले टेकून. कुडता माह्याकडे राहे तेव्हाचाच, पण खांद्यावरून उतरलेला. मायचा फोटो अन् बाजूले मेणबत्तीचा डाग.

"जयभीम मावशी," म्हणे. उठली. पाणी देल्लं.

मी म्हटलं, "दार काहून उघडं ठेवतं वं असं? कुत्रं येईन नं."

"येते," म्हणे.

इकडची तिकडची गोष्ट केली. वरची खोली कोणी घेतली का, शांताचं गुडघ्याचं कसं आहे. पोरं येते म्हणे संध्याकाळी हिसोब शिकाले, गल्लीतलेच. मी इचारलं, "त्या पेशंटचं काही समजलं?" तिनं मान हलवली. ती मान मले आताही दिसते. त्याच्यात रडणं नव्हतं. जसं सरकारी नळाले पाणी नाही म्हणून माणूस सांगते, तसं.

बसची वेळ झाली. मी उठली. ती दारापर्यंत आली अन् म्हणे, "मावशी, घरून निंघताना गॅस बंद केला होता का?"

"केला होता," मी म्हटलं.

अन् चप्पल घालाले मी मुद्दाम उशीर लावला. एका पायात घातली, दुसरीचा अंगठा उगाच नीट केला. आता इचारन. आता इचारन म्हणून खाली मान घालून वाट पाह्यली.

"बरं," म्हणे ललिता. अन् तशीच उभी राह्यली, उघड्या दारात.